प्रश्न विचारणाऱ्या बायका वस्तीतल्याच: एका सर्वेक्षण-सेवेचा अनुभव

गेल्या वर्षी आमच्या विभागाच्या एका आरोग्य-पाहणीसाठी मी दक्षिण महाराष्ट्रातल्या एका शहरात धंदा करणाऱ्या, म्हणजे वेश्याव्यवसायातल्या, बायकांच्या संघटनेची सर्वेक्षण-सेवा घेतली. मी एका वैद्यकीय महाविद्यालयात सामाजिक वैद्यकशास्त्र शिकवते आणि अशा वस्तीत पाहणीसाठी जाण्याची ही माझी पहिली वेळ नव्हती. मात्र पाहणीचे काम वस्तीतल्या बायकांनीच करार करून, शुल्क घेऊन आणि आपल्या अटींवर करून द्यावे, हा अनुभव पहिलाच होता. संघटनेतल्या प्रशिक्षित बायका बाहेरून आलेली प्रश्नावली आधी तपासतात, तिच्यात बदल करायला लावतात, मग स्वतः मुलाखती घेतात, उत्तरे संकलित करून देतात, आणि अहवाल पक्का होण्याआधी त्यातले निष्कर्ष वस्तीसमोर वाचून दाखवावे लागतात. संघटनेचे आणि शहराचे नाव मी लिहीत नाही, कारण करारातच तशी अट आहे, आणि वस्तीचा ठावठिकाणा छापून आला की त्यामागोमाग दारात काय काय येते हे ऐकल्यावर ती अट मला पूर्णपणे पटली.

'धंदा करणाऱ्या बायका' हा शब्दप्रयोग काही वाचकांना खटकेल. त्या स्वतःला तसेच म्हणवतात, आणि ज्या कामावर घर चालते त्या कामाला दुसऱ्याने दिलेले गोड नाव त्यांना नको असते. सांगलीत १९९६ साली उभ्या राहिलेल्या वेश्या अन्याय मुक्ती परिषदेने तर शिवी म्हणून वापरला जाणारा शब्दच आपल्या नावात घेतला. त्याच्याही आधी, १९९२ पासून, संग्राम ही संस्था त्या भागात एचआयव्हीच्या कामाला लागली होती आणि कंडोमवाटपाचे काम हळूहळू बायकांच्याच हाती आले होते. कोलकात्याच्या सोनागाचीतही डॉ. स्मरजित जाना यांनी १९९२ मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पात वस्तीतल्या बायकांनाच आरोग्यशिक्षक म्हणून नेमले, आणि त्यातूनच १९९५ मध्ये दुर्बार ही बायकांची संघटना उभी राहिली. ज्या सेवेविषयी मी लिहीत आहे, ती याच परंपरेतली आहे: आधी आपल्या गल्लीतले आजार आपण ओळखायला शिकायचे, आणि मग आपल्याविषयीची माहितीही आपणच गोळा करायची.

आमच्या प्रश्नावलीत ४२ प्रश्न होते. महाविद्यालयाच्या एथिक्स कमिटीने, म्हणजे संशोधनाने कोणाला अपाय होत नाही ना हे तपासणाऱ्या समितीने, ती मंजूर केलेली असल्यामुळे आता फक्त मुलाखती व्हायच्या आहेत, अशा समजुतीने मी पहिल्या बैठकीला गेले. संघटनेच्या दोन खोल्यांच्या कार्यालयात सतरंजीवर पाच जणी बसल्या होत्या. त्यांच्यातली एक जण प्रश्न मोठ्याने वाचत होती, आणि जिला अजिबात वाचता येत नाही अशी एक वयस्कर अक्का मुद्दाम तिच्यासमोर बसवलेली होती. एकदा ऐकून अक्काला प्रश्न कळला नाही, तर तो तसाच्या तसा पुढे जाणार नाही, हा त्यांचा पहिला नियम. आम्ही पुस्तकी मराठीत लिहिलेले निम्म्याहून अधिक प्रश्न त्या एकाच कसोटीवर अडले. वस्तीत कानडी बोलणाऱ्या बायकाही बऱ्याच आहेत, त्यामुळे पुढे प्रत्येक प्रश्न कानडीतही बोलून पाहिला गेला.

दुसरा नियम अधिक कडक होता. प्रत्येक प्रश्नाला 'हे विचारून तुम्ही काय करणार?' असे त्या मला विचारत, आणि मला समाधानकारक उत्तर देता आले नाही की प्रश्न खोडला जाई. 'तुम्ही या व्यवसायात कशा आलात?' हा आमचा तिसराच प्रश्न होता. अशा जवळजवळ प्रत्येक प्रबंधात तो असतोच. त्यावर अक्का शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, पोलिसाला एक सांगतो, पेपरवाल्याला एक सांगतो, पोराच्या शाळेत बाईंना एक सांगतो. तुम्हाला कुठलं पायजे?" त्यांच्या स्वरात चेष्टा नव्हती. वर्षानुवर्षे हाच प्रश्न ऐकणाऱ्या बाईकडे प्रत्येकासाठी एक तयार उत्तर असते, आणि ते समोरच्याच्या हातात काय सत्ता आहे ते पाहून दिले जाते. अशा उत्तरांची टक्केवारी काढून आम्ही आजवर काय मोजत आलो, हा विचार मला त्या दिवशी पहिल्यांदा अस्वस्थ करून गेला. दवाखान्यात उपचार नीट मिळतात का हे शोधणाऱ्या पाहणीला त्या प्रश्नाची गरजच नव्हती, आणि तो गेला.

यापेक्षाही मोठी चूक आमच्या एका साध्या दिसणाऱ्या प्रश्नात दडलेली होती. 'तुमच्या कमाईवर घरातले कोण कोण अवलंबून आहे?' असे आम्ही कुटुंबाची आर्थिक स्थिती कळावी म्हणून विचारले होते, आणि उत्तरात नाते व वय लिहायचे होते. संघटनेच्या सचिव असलेल्या ताईंनी कपाटातून अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याची, म्हणजेच सर्वजण ज्याला पिटा म्हणतात त्या १९५६ च्या कायद्याची मराठी प्रत काढली आणि कलम ४ वर बोट ठेवले. वेश्याव्यवसायाच्या कमाईवर जाणूनबुजून जगणारी १८ वर्षांवरील व्यक्ती त्या कलमानुसार गुन्हेगार ठरू शकते. म्हणजे आईने फी भरून कॉलेजात पाठवलेला १९ वर्षांचा मुलगा किंवा गावाकडे राहणारी म्हातारी आईसुद्धा त्या कलमाच्या कक्षेत येऊ शकते. आमची भरलेली प्रश्नावली उद्या कोणाच्या हाती पडली असती, तर ती त्या घराविरुद्धचा लेखी कबुलीजबाब झाली असती. 'घरभाडे कोणाला देता?' हा प्रश्नही त्याच कारणाने गेला, कारण कलम ३ कुंटणखाना चालवणाऱ्यावर आणि त्यासाठी जाणूनबुजून जागा भाड्याने देणाऱ्यावर लागते. एथिक्स कमिटीत बसलेल्या आम्हा सात सुशिक्षित माणसांपैकी एकाच्याही हे लक्षात आले नव्हते. केवळ या एका दुपारसाठी संपूर्ण शुल्क वसूल झाले, असे मी मनापासून म्हणते.

शेवटी १९ प्रश्न उरले, आणि उरलेल्यांचेही रूप बदलले. 'तुम्ही प्रत्येक वेळी कंडोम वापरता का?' या प्रश्नाला वस्तीत बहुतेक जणी 'हो' म्हणतात, कारण इतक्या वर्षांच्या कार्यक्रमांनंतर बरोबर उत्तर कोणते ते सर्वांना पाठ आहे. ताईंनी त्याचे दोन प्रश्न केले: गिऱ्हाइकासोबतचा एक आणि मालकासोबतचा एक. मालक म्हणजे कोठीचा मालक नव्हे. ज्याच्यासोबत बाईचे कायमचे नाते असते, ज्याच्या नावाने ती कधी कुंकूही लावते, त्या पुरुषाला तिकडे मालक म्हणतात. त्याच्यासमोर कंडोम काढणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणे, आणि म्हणून धोका बहुधा गिऱ्हाइकापेक्षा त्या नात्यात अधिक असतो. आमच्या मूळ प्रश्नात हा माणूस कुठेच नव्हता.

मारहाणीविषयीच्या प्रश्नासाठी त्यांनी जी पद्धत वापरली, ती मी आता माझ्या विद्यार्थ्यांना शिकवते. भिंतीलगत सहा रिकामे पत्र्याचे डबे ठेवलेले होते आणि प्रत्येकावर एक चित्र चिकटवलेले होते: खाकी टोपी, गिऱ्हाईक, मालक, घरवाली (म्हणजे कोठी चालवणारी बाई), गल्लीतला गुंड, शेजारी. बाईच्या हातात मूठभर चिंचोके द्यायचे, गेल्या वर्षभरात ज्याने ज्याने हात उचलला त्याच्या डब्यात प्रत्येक वेळेसाठी एक चिंचोका टाकायला सांगायचे, आणि ती टाकत असताना मुलाखत घेणारीने खोलीबाहेर जाऊन पडदा ओढून घ्यायचा. नाव नाही, सही नाही, तोंडाने काही बोलायचे नाही. मी बाहेर बाकावर बसले होते आणि आतून चिंचोके पत्र्यावर पडल्याचा आवाज येत होता. एका बाईच्या वेळी तो बराच वेळ थांबला नाही. कोणत्या डब्यात किती जमले हे मी येथे लिहिणार नाही, कारण ती माहिती आधी वस्तीची आहे आणि ती कधी व कोणापुढे मांडायची हे करारानुसार संघटना ठरवते. तोंडी विचारल्यावर जिथे 'नाही' असेच उत्तर येत असे, तिथे डबे रिकामे राहिले नाहीत, एवढे सांगण्याची परवानगी मी घेतलेली आहे.

मुलाखती दुपारी एक ते चारच्या दरम्यानच होतात. सकाळी बायका झोपलेल्या असतात आणि संध्याकाळी कामाची वेळ होते; बाहेरचे संशोधक नेमके संध्याकाळी येऊन गिऱ्हाईक घालवतात, ही जुनी तक्रार आहे. मुलाखत देणाऱ्या प्रत्येकीला तिच्या वेळेचा मोबदला रोख मिळतो. संमती तोंडी, साक्षीदारासमोर घेतली जाते, कारण सहीचा कागद हाच धोका असतो, आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये अशा तोंडी संमतीला जागा आहे. एचआयव्हीची स्थिती कोणालाही विचारली जात नाही. २०१८ च्या सप्टेंबरात लागू झालेल्या एचआयव्ही-एड्स कायद्याने ती माहिती संमतीवाचून उघड करण्यास मनाई केली आहे, हे मुलाखत घेणाऱ्या प्रत्येकीला तोंडपाठ आहे. आमच्या काही निवासी डॉक्टरांना ते नव्हते.

अशा कामाची विश्वासार्हता काय, संघटनेच्याच बायकांनी घेतलेली माहिती एकांगी नसेल का, असे आमच्या एका वरिष्ठ सहकाऱ्यांनी विचारले आणि प्रश्न रास्त होता. त्यांना मी दोन जुनी कामे दाखवली. पुण्याच्या रोहिणी साहनी आणि व्ही. कल्याण शंकर यांनी २०११ मध्ये निष्कर्ष मांडलेल्या पहिल्या अखिल भारतीय पाहणीत १४ राज्ये आणि एका केंद्रशासित प्रदेशातल्या ३,००० स्त्रिया होत्या, आणि त्यात संघटनांशी जोडलेल्या व न जोडलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या स्त्रिया जाणूनबुजून घेतलेल्या होत्या. कितीतरी जणींनी आधी घरकाम, शेतमजुरी किंवा बांधकामावरची मजुरी केलेली होती आणि तिथल्या तुटपुंज्या मजुरीशी तुलना करून धंदा पत्करलेला होता, ही गोष्ट त्या पाहणीमुळे आकड्यांनिशी पुढे आली. दुसरे काम संग्राम आणि वेश्या अन्याय मुक्ती परिषद यांचे, २०१८ मधले. सुटकेच्या नावाखाली पडलेल्या छाप्यांत उचलल्या गेलेल्या २४३ स्त्रियांना त्यांनी शोधून काढले, तेव्हा त्यांपैकी १९३ जणींनी छाप्याच्या वेळी आपण आपल्या मर्जीने धंद्यात होतो असे सांगितले. सुधारगृहातून बाहेर पडलेली, दुसऱ्या गावी गेलेली बाई कुठे भेटेल हे बाहेरच्या संशोधकाला कळणे अवघड आहे, आणि भेटली तरी ती त्याच्याशी खरे बोलेल याची खात्री नाही. उरलेल्या ५० जणींचा आकडाही त्याच अहवालात आहे, लपवलेला नाही. सक्तीने आणलेली बाई आणि स्वतःच्या निर्णयाने राहिलेली बाई यांना वेगळे ओळखण्याची गरज या बायकांइतकी दुसऱ्या कोणालाही नसते.

आता उणिवा सांगते, आणि त्या किरकोळ नाहीत. पहिली म्हणजे वेळ. तीन महिन्यांत होईल असे ठरलेले काम सात महिन्यांनी हाती आले. मधल्या काळात वस्तीत एक छापा पडला आणि पाच आठवडे कोणीही दारात उभे राहिले नाही, त्याचा दोष मी संघटनेला देत नाही; पण संकलनाच्या टप्प्यावर दोन तक्ते जुळत नव्हते आणि ते पुन्हा मोजण्यात एक महिना गेला, तो टाळता आला असता. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. मुलाखत घेणाऱ्यांपैकी एक जण स्वतः घरवाली होती आणि पहिल्या आठवड्यात तिने आपल्याच गल्लीत मुलाखती घेतल्या. घरवालीच्या डब्याबद्दल तिच्याच समोर कोण मोकळेपणाने बोलेल? मी हे बोलून दाखवल्यावर त्यांनी तिला लगेच दुसऱ्या भागात पाठवले आणि तिच्या मुलाखती रद्द केल्या, परंतु हा नियम करारात आधीपासूनच असायला हवा होता.

तिसरी उणीव त्यांची एकट्यांची नाही, या सगळ्याच कामाची आहे. गल्लीत राहून धंदा करणाऱ्या बायकांपर्यंत त्या सहज पोचतात; लॉजवर जाणाऱ्या, फोनवरून काम घेणाऱ्या, शेजाऱ्यांना पत्ता नसलेल्या घरगृहस्थीतल्या बायका मात्र त्यांच्या जाळ्यात फारच थोड्या आल्या, आणि तृतीयपंथी व पुरुष तर आमच्या पाहणीत नव्हतेच. यादीत नसण्याची किंमत काय असते ते २०२० मध्ये दिसले. टाळेबंदीत धंदा ठप्प झाल्यावर सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर रोजी ओळखपत्राचा आग्रह न धरता कोरडा शिधा देण्याचा आदेश राज्यांना दिला, आणि महाराष्ट्र सरकारने ऑक्टोबर ते डिसेंबरसाठी दरमहा ५,००० रुपये व शाळकरी मुले असलेल्यांना आणखी २,५०० रुपये जाहीर केले. पण मदत कोणाला द्यायची हे एड्स नियंत्रणाच्या प्रकल्पांकडे नोंद असलेल्या बायकांवरून ठरत होते. ज्यांनी आपले काम सर्वांपासून लपवले होते, त्यांना मदतीसाठी आधी स्वतःला उघडे करावे लागणार होते. संघटनेने या बायकांसाठी फोनवरून मुलाखतीची पद्धत बसवायला हवी, असे मी त्यांना लेखी कळवले आहे.

शेवटचा टप्पा म्हणजे निष्कर्षांचे वाचन, आणि या सेवेतला तोच भाग मला सर्वांत मोलाचा वाटला. एका सोमवारी दुपारी साधारण साठ बायका जमल्या. मी लिहिलेला मसुदा ताई वाक्यावाक्याने वाचत होत्या. 'सरकारी आरोग्यसेवांचा लाभ घेण्याबाबत उदासीनता आढळते' या माझ्या वाक्यावर त्या थांबल्या आणि कोणीतरी मागून विचारले, उदासीनता म्हणजे काय? मी सांगितले. मग एकेक जण उठून बोलू लागली. केसपेपरची खिडकी सकाळी नऊला उघडते आणि बाराला बंद होते. पहाटे तीन-चारला झोपलेली बाई कधी जाणार? एकीला ताप आणि खोकला होता, पण पत्ता ऐकताच तिला थेट गुप्तरोगाच्या खोलीकडे पाठवले गेले. दुसरीचा गुडघा दुखत होता, तरीही आधी एचआयव्हीची चाचणी करून या असे सांगितले गेले. ती म्हणाली, "आमाला कमरेच्या वर बी शरीर हाय का न्हाई?"

मी उदासीनतेच्या त्या वाक्यावर रेघ मारली. गेली तीस वर्षे या बायकांवर जे संशोधन झाले, त्यातल्या फार मोठ्या भागाचा आरंभ आणि शेवट एचआयव्हीतच झाला, आणि माझेही काम त्याला अपवाद नव्हते. चाळिशी ओलांडलेल्या कितीतरी जणींना मधुमेह आहे, रक्तदाब आहे, रात्रीच्या जागरणाने आणि दारूने पोखरलेले पोट आहे, झोपेच्या गोळ्या आहेत. पिअर एज्युकेटर, म्हणजे वस्तीतलीच आरोग्यशिक्षक बाई, त्यांना ठरल्या वेळी सिफिलिसच्या तपासणीला नेते आणि ते काम उत्तम चालते. साखर तपासायला न्यायचे तिच्या कामाच्या यादीतच नसते. उदासीनतेच्या जागी आम्ही दवाखान्याची वेळ, केसपेपरवरच्या पत्त्यावरून मिळणारी वागणूक आणि तपासणीचा ठरलेला क्रम, असे तीन अडथळे लिहिले. तक्ते तेच राहिले, त्यांचा अर्थ बदलला.

त्याच सभेत ताईंनी १९ मे २०२२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशातले भाग वाचून दाखवले. न्यायमूर्ती एल. नागेश्वर राव, बी. आर. गवई आणि ए. एस. बोपण्णा यांच्या पीठाने बुद्धदेव कर्मस्कर खटल्यात दिलेल्या त्या आदेशाप्रमाणे, लैंगिक अत्याचार झालेल्या सेक्स वर्करला तातडीच्या वैद्यकीय मदतीसह सर्व सुविधा मिळाल्या पाहिजेत, आणि कंडोम बाळगणे हा गुन्ह्याचा पुरावा धरता येत नाही. छाप्यात स्वेच्छेने काम करणाऱ्या स्त्रीला अटक करू नये, ही समितीची शिफारसही त्या आदेशात नोंदलेली आहे; मात्र केंद्र सरकारचा तिच्यावर आक्षेप असल्यामुळे न्यायालयाने त्यावेळी ती लागू केली नाही. कंडोमचे कलम वाचल्यावर पुढच्या रांगेतल्या एका मुलीने ते पुन्हा वाचायला सांगितले आणि मोबाइलमध्ये आवाज टिपून घेतला. संघटनेने आमच्या प्रश्नावलीत हा विषय आग्रहाने का घातला होता, ते मला तेव्हा उमगले: आदेश आपल्या गल्लीपर्यंत पोचला की नाही, हे त्यांना स्वतःसाठी मोजायचे होते.

ही सेवा घेऊ इच्छिणाऱ्यांनी शुल्काइतकीच वेळेचीही तरतूद ठेवावी. सहा महिन्यांत प्रबंध सादर करायचा असलेल्या विद्यार्थ्याने तिच्या वाटेला जाऊ नये. प्रश्नावली छापून नेऊ नये. मुलाखत देणाऱ्यांचा मोबदला आणि वाचन-सभेचा चहा-नाश्ता अंदाजपत्रकात आधीच धरावा, कारण नंतर ती रक्कम लेखाविभागाकडून काढून घेणे फार जड जाते. आणि निष्कर्ष बदलण्याची तयारी नसेल तर तसे पहिल्याच बैठकीत सांगावे. त्या नकार देतील, पण चहा पाजून देतील.

आमच्या पाहणीच्या आधारे संघटनेने सरकारी दवाखान्याकडे आठवड्यातून दोन दिवस दुपारचा बाह्यरुग्ण विभाग सुरू करण्यासाठी अर्ज केला आहे. त्याचे उत्तर अजून आलेले नाही. मधुमेह आणि रक्तदाबाच्या पाहणीसाठी मी येत्या महिन्यात पुन्हा त्याच सतरंजीवर बसणार आहे, आणि यावेळी जाताना एथिक्स कमिटीच्या दोन सदस्यांना सोबत घेऊन जाणार आहे.